चेहरा त्यांचा, फोटो आपला?

आमचं नेपानगर हे कागदाचं गाव. १९५६ मध्ये पंडित नेहरूंनी इथली नेपा मिल राष्ट्राला अर्पण केली आणि वर्तमानपत्रांसाठी देशी कागद मिळू लागला. आता फोटोला कागद लागत नाही. मुंबईत दुपारी काढलेला फोटो दिवेलागणीपर्यंत आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोहोचतो, आणि इथे प्रत्येक चेहऱ्याला ओळखणारं कुणीतरी असतंच. मुंबईच्या प्राइड मोर्चात कॅमेरा घेऊन फिरताना मला हेच आठवत राहतं.

एलजीबीटी समाजाचा हा मोर्चा ऑगस्ट २००८ मध्ये ऑगस्ट क्रांती मैदानावरून निघाला. तेव्हा कलम ३७७ लागू होतं. सुरुवातीच्या वर्षांत अनेक जण मुखवटे घालून चालायचे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सुप्रीम कोर्टाने प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांना त्या कलमातून वगळलं. कायद्याची भीती गेली. पण घरी सांगायचं बाकी असलेले आजही पुष्कळ आहेत.

न सांगता टिपलेल्या फोटोची गंमत मला मान्य आहे. ढोलावर बेभान नाचणारा मुलगा, मुलाच्या हातात हात घालून चालणारी आई, मैत्रिणीची टिकली सरळ करणारी मुलगी... ‘इकडे बघा’ म्हटलं की हे क्षण संपतात. मग काय करायचं? मी आधी फोटो काढतो आणि लगेच जवळ जाऊन दाखवतो. ‘ठेवू का?’ हा एक प्रश्न, आणि ‘कुठे टाकू?’ हा दुसरा. दोन्हींची उत्तरं वेगळी असू शकतात. फोटो स्वतःसाठी हवा असतो, पण इन्स्टाग्रामवर नको असतो. ‘नको’ म्हटलं की त्यांच्यासमोरच डिलीट करायचा. कारण विचारायचं नाही.

रस्ता सार्वजनिक आहे, मग परवानगी कशाला, असं कुणी म्हणेल. २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात सुप्रीम कोर्टाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आणि लैंगिक कलाचाही त्यात समावेश केला. मोर्चात चालणं ही त्या माणसाची मर्जी. ती बातमी आईवडिलांना कधी आणि कशी द्यायची, हीसुद्धा त्याचीच. आपल्या फोटोमुळे ती भलत्याच तोंडून घरी पोहोचली, तर घर तुटू शकतं, नोकरी जाऊ शकते.

चेहरा न दाखवताही गोष्ट सांगता येते. दिल्लीत जन्मलेले छायाचित्रकार सुनील गुप्ता यांनी १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या ख्रिस्तोफर स्ट्रीटवर समलिंगी पुरुषांचे मोकळेपणाने फोटो काढले. पुढे ऐंशीच्या दशकात दिल्लीतल्या ‘एक्झाइल्स’ मालिकेत मात्र अनेकांचे चेहरे वळलेले किंवा लपलेले आहेत. न दिसणारे ते चेहरेच त्या काळाबद्दल बरंच सांगून जातात.

तुमच्यापैकी कुणी मोबाइल घेऊन प्राइडला जाणार असाल, तर एवढं पाळा. पाठमोऱ्या आकृती, हात, फलक, पायांतली घुंगरं टिपा. मुखवटा काढून पाणी पिणाऱ्याचा फोटो घेऊ नका. मागे उभ्या असलेल्यांचे चेहरे तपासा. परवानगीशिवाय टॅग करू नका. लहान मुलांच्या बाबतीत पालकांना विचारा.

माझे काही आवडते फोटो मी आजवर कुणालाच दाखवलेले नाहीत. ज्यांचे आहेत, त्यांनी ‘आत्ता नको’ म्हटलंय. त्यांचं ‘आता चालेल’ येईपर्यंत ते माझ्या हार्ड डिस्कवरच राहतील.