पोंटून बोटीला मोटर किती हॉर्सपॉवरची लावायची? आणि डेकवर उडणाऱ्या पाण्याचं काय करायचं?

अमेरिकेतल्या मावसभावाने लाँग वीकेंडला टाकलेला फोटो आठवतोय का? मागे निळंशार तळं, सोफ्यासारख्या सीटवर दहा-बारा माणसं, मध्ये बर्फाचा डबा आणि बोटीला बोटीसारखा आकारच नाही. नुसता सपाट ओटा आणि चारी बाजूंनी कठडा. तीच ही पोंटून बोट.

हिची गोष्ट अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातली. तिथल्या रिचमंड गावच्या अँब्रोस वीअर्स नावाच्या माणसाने १९५२ साली लोखंडी पिंपं एकापुढे एक जोडून दोन लांब नळ्या केल्या आणि त्यावर लाकडी फळ्या ठोकल्या. आज पिंपांच्या जागी ॲल्युमिनियमच्या नळ्या आल्यात, पण डोकं तेच.

आता या बोटी भाड्याने मिळतात, जुन्या विकतही मिळतात. आणि विकत घेणारा दोन प्रश्नांवर हमखास अडकतो. मोटर केवढी? आणि वेग घेतला की अंगावर पाणी का उडतं?

आधी मोटरचं बघू.

बहुतेक बोटींवर, चालकाच्या जागेजवळ, एक छोटी पाटी असते. त्यावर माणसं किती, एकूण वजन किती आणि जास्तीत जास्त हॉर्सपॉवर किती हे लिहिलेलं असतं. हा आकडा वरची मर्यादा आहे. त्याच्या पुढची मोटर लावली तर मागची बाजू दबते, बोट ताब्यात राहत नाही आणि अपघात झालाच तर विमा कंपनी हात वर करू शकते.

पण खालची बाजू कुणी सांगत नाही. आपण तर तळ्यात निवांत फिरणार, मग छोटी मोटर घेतली तर पैसे वाचतील असं वाटतं. इथे थोडा हिशोब करू. २५ इंच व्यासाची आणि २० फूट लांबीची नळी पूर्ण बुडाली तर साधारण १९०० लिटर पाणी बाजूला सारते. म्हणजे दोन्ही नळ्या अर्ध्या बुडाल्या की बोट १९०० किलो वजन पेलते. आता रिकामी बोट आठ-नऊशे किलोची, ११५ हॉर्सपॉवरची मोटर दीडशे-पावणेदोनशे किलोची, वर दहा माणसं आणि पेट्रोल. झाले की पूर्ण! नळ्या जितक्या जास्त बुडाल्या तितकं जास्त पाणी कापायचं, आणि ते काम मोटरचंच.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. उंच कठडा आणि वरचं छत शिडासारखं काम करतं. संध्याकाळी वारा सुटला की कमी ताकदीची पोंटून धक्क्याला लावताना भल्याभल्यांची तारांबळ उडते.

ढोबळ मानाने १८ ते २० फुटी दोन नळ्यांच्या बोटीवर चार-सहा जणांना निवांत फिरायचं असेल तर ४० ते ६० हॉर्सपॉवर पुरते. बोट बहुतेक वेळा भरलेली असणार किंवा मागे पोरांना रबरी ट्यूबवर ओढायचं असेल, तर ९० ते ११५ बघा. तीन नळ्यांची बोट, जिला ट्रायटून म्हणतात, ती १५० च्या पुढची मोटर मागते.

पण नुसत्या हॉर्सपॉवरवर जाऊ नका. घाट चढताना टॉप गिअर टाकला तर गाडी धापा टाकते ना? इथे गिअरचं काम पंखा करतो. पंख्याच्या एका फेऱ्यात बोट जितकं अंतर कापायला हवी ते म्हणजे त्याचा पिच. जड पोंटूनला कमी पिचचा आणि मोठ्या पानांचा पंखा मानवतो. फुल थ्रॉटल दिल्यावर इंजिनाचे फेरे कंपनीने सांगितलेल्या मर्यादेपर्यंत पोचत नसतील, तर पिच कमी करा. एक इंच कमी केला की साधारण १५० ते २०० फेरे वाढतात. हा प्रयोग नेहमीच्या वजनासह करायचा, रिकाम्या बोटीवर नाही. काही कंपन्या खास जड बोटींसाठी जास्त रेट्याची मोटर काढतात. मर्क्युरीच्या साध्या ६० हॉर्सपॉवर मोटरचा गिअर रेशो १.८३ आहे, तर तिच्याच कमांड थ्रस्ट मॉडेलचा २.३३. ताकद तेवढीच, पण पंखा मोठा आणि सावकाश फिरणारा. ६० च घ्यायची असेल तर आमचं मत या दुसरीला.

आता पाण्याकडे वळू.

कपातला चहा हळू ओतला की तो कपाच्या बाहेरून ओघळतो, हे आपण सगळ्यांनी अनुभवलंय. वाहतं पाणी गोल पृष्ठभागाला चिकटून वळतं. गोल नळीच्या बाबतीत तेच होतं. वेग वाढला की पाणी नळीला धरून वर चढतं, डेकखालच्या आडव्या पट्ट्यांवर आपटतं आणि कठडा व डेक यांच्यातल्या फटीतून थेट तुमच्या पायांवर येतं.

म्हणून खर्च करण्याआधी पाणी नेमकं कुठून येतंय ते बघा. स्टिअरिंग दुसऱ्याकडे द्या आणि स्वतः कठड्याच्या आत बसून निरखा.

पुढच्या दारातून येत असेल तर बहुतेकदा दोष बोटीचा नसून बसणाऱ्यांचा असतो. सगळे फोटोसाठी पुढे जमतात आणि बोट नाक खाली घालते. दोन-तीन माणसं मागे बसवा, मोटर ट्रिमच्या बटणाने जराशी वर घ्या, नाक उचलतं. ट्रिम जास्त झाली तर पंखा हवा ओढतो, इंजिन नुसतं ओरडतं आणि बोट पुढे सरकत नाही.

मधल्या फटीतून येत असेल तर डेकच्या खालून ॲल्युमिनियमचा पत्रा मारून घेणं हा खरा इलाज. पट्ट्या झाकल्या जातात आणि पाण्याला आपटायला काही उरत नाही. वेगही थोडा वाढतो. मात्र डेक लाकडी असेल तर वरून मुरलेलं पाणी निघायला वाट ठेवा, नाहीतर फळ्या कुजतील. दुसरा उपाय म्हणजे नळीच्या कडेला धारदार पट्टी जोडणं. ती वर चढणारं पाणी तोडून खाली ढकलते, शिवाय बोट उचलते. पण नळीचा पत्रा दोन-अडीच मिलिमीटरचाच असतो, त्यामुळे हे काम ॲल्युमिनियमचं वेल्डिंग येणाऱ्याकडेच द्या.

मागून कारंजं उडत असेल तर मोटर बहुधा फार खोल बसली आहे. पंख्याच्या वर जी आडवी चपटी पट्टी असते, ती बोट पळताना पाण्याच्या पातळीशी यायला हवी. मोटर बोल्टच्या एका भोकाने वर उचलली तरी फरक कळतो.

आणि बोट एका बाजूला झुकून पाणी घेत असेल, तर आधी ती बाहेर काढून नळीचा प्लग उघडा. धार लागली तर नळी फुटलीय, पत्रे मारून उपयोग नाही.

एक गोष्ट मात्र पाणी उडण्यापेक्षा कितीतरी गंभीर आहे. कठड्याच्या बाहेर, पुढच्या टोकावर पाय सोडून बसायची हौस अनेकांना असते. तिथून माणूस पडला तर तो दोन नळ्यांच्या मधून सरळ पंख्याकडे जातो. बोट चालू असताना पुढचं दार बंदच हवं. चालकाच्या अंगाला इंजिन बंद करणारी दोरी जोडलेली असणं अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांहून लहान बोटींना सक्तीचं आहे, आणि तिथल्या संघीय नियमानुसार चालत्या बोटीत १३ वर्षांखालच्या मुलांना उघड्यावर लाइफ जॅकेट लागतंच. भाड्याने बोट घेताना ही दोरी कुठे आहे, हे किल्ली हातात घेण्याआधी विचारा.