भंडारदऱ्याला कधी जायचं?

दिवाळीचा फराळ संपत आला की आमच्या चारकोपच्या सोसायटीत एक बेत हमखास निघतो: भंडारदऱ्याला जाऊ या. म्हाडाने ऐंशीच्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने वसवलेली ही वसाहत. मध्ये चौक आणि भोवती घरं, त्यामुळे एका घरातलं बोलणं चौकभर पोचतं. गाडी कुणाची, मुलांच्या परीक्षा कधी, जेवणात काय, सगळं विचारून होतं. तलावात पाणी किती आहे, हे मात्र कुणी विचारत नाही. माझ्या मते पहिला प्रश्न तोच असायला हवा.

आम्हीही तो विचारला नव्हता. पहिल्यांदा गेलो ते मे महिन्याच्या मध्यावर, शाळांना सुट्टी म्हणून. काठावर उभं राहिलो तर समोर भेगाळलेल्या गाळाचा रुंद पट्टा, आणि त्यापलीकडे दूरवर पाण्याची पट्टी. धाकट्याने विचारलं, "तलाव कुठाय?" चूक आमची होती. आर्थर लेक म्हणतात तो हा तलाव मुळात धरणाचा जलाशय आहे, आणि त्यातलं पाणी शेतीसाठी साठवलेलं असतं.

प्रवरा नदी रतनगडाच्या परिसरात उगम पावते आणि थोड्याच अंतरावर अकोले तालुक्यातल्या शेंडीजवळ विल्सन धरण तिला अडवतं. बांधकाम १९१० साली सुरू झालं आणि १९२६ साली पुरं झालं. मुंबई इलाख्याचे तेव्हाचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचं नाव धरणाला मिळालं. २०२६ साली त्याला शंभर वर्षं होतात. दगडी भिंतीची उंची सुमारे ८२ मीटर, साठा साधारण ११ टीएमसी. या पाण्याने आणि त्याच्या कालव्यांनी खालच्या अंगाला अकोल्यापासून श्रीरामपूरपर्यंतच्या शेतीचं रूप पालटलं. तिकडे ऊस आला, आणि १९५०च्या सुमारास प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला.

म्हणून इथलं दृश्य कालव्याला पाणी सोडण्याच्या आवर्तनांवर ठरतं. बहुतेक वर्षी धरण ऑगस्टात भरतं. हिवाळ्यात रब्बीची आवर्तनं सुटू लागतात, मग उन्हाळ्याची, आणि पातळी उतरत जाते. काठोकाठ पाण्यात डोंगर उतरलेले पाहायचे असतील तर सप्टेंबरअखेर ते डिसेंबर हा काळ धरावा. दसऱ्याच्या सुमारास उतारांवर खुरासणी पिवळी फुललेली असते, दिवाळीच्या आगेमागे भाताची कापणी चालू असते. हवा धुवून निघालेली असते, त्यामुळे १६४६ मीटरचं कळसूबाई माथ्यापर्यंत स्वच्छ दिसतं.

जुलै-ऑगस्टची भूल मला कळते. रंधा धबधबा तेव्हाच पूर्ण जोरात असतो. पण घाटघरकडचा पाऊस उभा कोसळतो, धुक्यात तलाव दिसतच नाही आणि शनिवार-रविवारी अरुंद रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. जायचंच तर मधल्या वारी जावं. सांदण दरीत पावसाळ्यात कुणीही सांगितलं तरी उतरू नये, ती घळ म्हणजे पाण्याचीच वाट आहे. तलावात पोहण्याचा मोहही कोणत्याच ऋतूत नको. धरणाचा तळ एकसारखा नसतो. गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल खोलात किंवा गाळात जातं.

मेअखेर ते पहिला पाऊस हे दिवस काजव्यांचे. पाणी सर्वांत कमी, पण हिरडा, बेहडा, जांभळाची झाडं एका लयीत उजळतात आणि विझतात. हा मादीला साद घालण्याचा काळ असतो. टॉर्च, गाडीचे दिवे आणि गाण्यांचा गोंगाट यांनी नेमकं तेच बिघडतं. हे जपणार नसाल तर खरंच जाऊ नका, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

चारकोपहून घोडबंदर रस्त्याने ठाण्याला, तिथून नाशिकचा महामार्ग आणि कसारा घाट. जून २०२५ पासून समृद्धी महामार्ग भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत आल्याने घाट टाळून इगतपुरीला पोचता येतं. घोटीला पेट्रोल भरावं, रोख पैसे जवळ ठेवावेत, आणि बारीवरून शेंडीला उतरावं. या वाटेवर मुलांना एक सांगावंच: मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी ऊर्ध्व वैतरणा याच मुलखात आहे. आपल्या नळालाही असंच कुठल्या तरी डोंगरातलं अडवलेलं पाणी येतं.

राहायला शेंडीत एमटीडीसीचं निवासस्थान आणि हॉटेलं आहेत. माझा कौल मात्र दोन रात्रींना आणि त्यातली एक रतनवाडीत किंवा साम्रदला गावातल्या घरी काढण्याला. शेंडी, मुतखेल, रतनवाडी, साम्रद, घाटघर, मुरशेत असा तलावाला वळसा घालणारा रस्ता आहे. एका दिवसात तो उरकता येतो, पण उरकू नये. रतनवाडीचं अमृतेश्वराचं कोरीव देऊळ आणि शेजारची पुष्करणी यांनाच एक सकाळ हवी. जेवणाचं आदल्या दिवशी फोन करून सांगावं: नागलीची किंवा तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा. धान्याचा वाणही विचारावा. देशी बियाणं जपल्याबद्दल २०२० साली पद्मश्री जाहीर झालेल्या राहीबाई पोपेरे याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या.

यंदा डिसेंबरचा पहिला आठवडा ठरला आहे. आई बरोबर येणार आहे. गाडी देवळाजवळ जाते, म्हणून तिने होकार दिला. रतनवाडीला ज्यांच्या घरी उतरतो त्या मावशींना फोन केला आणि खोली, जेवण यांच्याआधी पाणी विचारलं. त्या म्हणाल्या, "हाये की अजून, पार आमच्या खालच्या वावरापोतर. या तुम्ही."