संगणक का अडला?

घोडा का अडला? भाकरी का करपली? पान का सडले? या तिन्ही प्रश्नांना ‘न फिरवल्यामुळे’ हे एकच उत्तर देणारा चतुर मनुष्य तुमच्या परिचयाचा असेलच. कोड्यामध्ये असे उत्तर शोभून दिसते. व्यवहारात मात्र बहुधा याच्या उलट घडते. तेथे प्रश्न एकच असतो आणि त्याची संभाव्य उत्तरे दहा असतात. त्या दहांतून खरे उत्तर कोणते, हे शोधून काढणे ही एक विद्याच आहे. ती विद्या कशी साध्य होते, हे आपण एका यंत्राच्या निमित्ताने पाहू. ते यंत्र म्हणजे आरंभीच्या काळातील वैयक्तिक संगणक.

त्यापूर्वीचे संगणक खोलीभर पसरलेले असत. ते चालविण्यासाठी व दुरुस्त करण्यासाठी तज्ज्ञांचा एक ताफाच जवळ असे. पुढे नखाएवढ्या चिपेवर हजारो विद्युत्‌घटक बसविण्याची कला साधली आणि संगणक मेजावर मावू लागला. १९७७ साली अमेरिकेत अ‍ॅपल-टू हा संगणक विक्रीस आला. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएम या कंपनीने आपला वैयक्तिक संगणक जाहीर केला. एक मनुष्य आणि त्याचा एक संगणक, असे नवे युग सुरू झाले. परंतु त्याबरोबर एक नवी अडचणही आली. यंत्र अडले, तर जवळ तज्ज्ञ नसे. शिक्षक असो, दुकानदार असो की विद्यार्थी असो, बंद पडलेल्या यंत्रापुढे तो एकटाच बसलेला असे. अशा वेळी कित्येकांचा धीर सुटे. कोणी यंत्राला दोष देई, तर कोणी ‘माझ्याच हातून काही बिघडले’ म्हणून घाबरून जाई. या दोन्ही गोष्टींनी बिघाड सापडत नाही.

प्रथम हे पाहावयाचे, की दोष कोणत्या घरात आहे. संगणकाची दोन अंगे असतात. पेटी, पडदा, कळफलक, तारा, चिपा ही झाली यंत्रसामग्री. यंत्राने काय करावे हे सांगणाऱ्या आज्ञांची मालिका म्हणजे आज्ञावली. यांचे नाते बाजाची पेटी आणि ती वाजविणारा यांच्यासारखे आहे. सूर बेसूर निघाला, तर दोष पेटीचा की वाजविणाऱ्याचा? याचा निर्णय वाद घालून होत नाही. तीच पेटी दुसऱ्या जाणत्या माणसाला वाजवावयास द्यावी. त्याच्या हातीही ती बेसूर वाजली, तर दोष पेटीत आहे. ती सुरेल वाजली, तर पहिल्या वादकाचा हात तपासावा.

आयबीएमच्या त्या संगणकात नेमकी हीच परीक्षा करता येत असे. त्याच्या आज्ञावल्या सव्वापाच इंच रुंदीच्या पातळ, लवचीक चकत्यांवर साठविलेल्या असत. या चकतीला फ्लॉपी म्हणत. आरंभीच्या फ्लॉपीवर १६० किलोबाइट, म्हणजे सुमारे १ लाख ६३ हजार अक्षरे मावत. एखादी आज्ञावली मध्येच थांबली, तर जाणता मनुष्य दुसरी, निश्चितपणे चांगली असलेली फ्लॉपी घालून पाही. तीही चालली नाही, तर संशय यंत्रावर जाई. ती चालली, तर संशय पहिल्या फ्लॉपीवर किंवा तिच्यावरील आज्ञांवर जाई. एका साध्या प्रयोगाने संशयाचे क्षेत्र निम्मे होई.

या संगणकाची आणखी एक सोय मोठी कौतुकाची होती. कळ दाबताच तो कामाला लागत नसे. तालमीत उतरलेला मल्ल कुस्तीपूर्वी हातपाय ताणून पाहतो, त्याप्रमाणे तो आधी स्वतःचीच तपासणी करी. या तपासणीच्या आज्ञा एका चिपेत कायमच्या नोंदविलेल्या असत. सारे काही ठीक असले, म्हणजे ‘बीप’ असा एकच लहानसा आवाज येई. दोष आढळला, तर पडद्यावर एखादा आकडा उमटे. २०१ म्हणजे स्मृतीत दोष, ३०१ म्हणजे कळफलकात दोष, ६०१ म्हणजे फ्लॉपी फिरविणाऱ्या भागात दोष. कळफलकाची एखादी कळ खालीच अडकून राहिली असेल, तर ३०१ च्या आधी त्या कळेची खूणही दिसे.

तथापि आकडा दिसला, म्हणजे शोध संपला असे नाही. पोट दुखत असलेले मूल पोटाकडे बोट दाखविते. पण ते का दुखते, हे वैद्यालाच शोधावे लागते. ३०१ हा आकडा असेच बोट दाखवितो. कळ अडकली असेल, तार तुटली असेल किंवा कळफलकाची तार खोबणीत नीट बसलीच नसेल. यांपैकी प्रथम काय पाहावे? जे पाहणे सर्वांत सोपे, ते प्रथम पाहावे. तार काढून पुन्हा बसविण्यास एक क्षण लागतो. नवा कळफलक आणण्यास पैसे आणि दिवस लागतात. वीज आहे का, बटण चालू आहे का, तारा घट्ट आहेत का, हे प्रश्न अगदी बाळबोध वाटतात. पण जे ते विचारावयास लाजतात, त्यांना कित्येक तास उगाच घालवावे लागतात.

कधी कधी तर यंत्रात काहीच मोडलेले नसे. या संगणकाच्या मुख्य पट्टिकेवर छोट्या खटक्यांच्या दोन ओळी होत्या. स्मृती किती आहे, फ्लॉपी फिरविणारे भाग किती आहेत, पडदा कोणत्या जातीचा आहे, हे त्या खटक्यांवरून यंत्राला समजे. एखाद्याने नव्या चिपा आणून स्मृती वाढविली, पण खटके बदलण्यास तो विसरला, तर यंत्र त्या नव्या स्मृतीचा उपयोगच करीत नसे. बिचारा धनी चिपांना दोष देत बसे. चिपा धड होत्या, यंत्रही धड होते. यंत्राला ती गोष्ट कोणी सांगितलीच नव्हती, एवढेच!

आता स्मृतीचा दोष कसा ओळखला जाई, ते पाहा. संगणक प्रत्येक अक्षर शून्य आणि एक यांच्या आठ खुणांनी लक्षात ठेवतो. या संगणकात त्या आठांबरोबर नववी खूण ठेवलेली असे. ती जणू साक्षीदारच होय. नऊ खुणांत मिळून ‘एक’ची संख्या विषम राहील, अशा बेताने ही नववी खूण मांडली जाई. समजा, आठ खुणांत चार ‘एक’ आहेत. मग नववी खूण ‘एक’ ठेवावयाची, म्हणजे बेरीज पाच होते. पुढे ते अक्षर वाचताना बेरीज चार किंवा सहा आली, तर मध्यंतरी एखादी खूण पालटली हे उघड झाले. मग यंत्र ‘पॅरिटी चेक’ असा इशारा पडद्यावर देऊन जागच्या जागी थांबे.

अशा वेळी यंत्राचा राग येणे साहजिक आहे. परंतु क्षणभर विचार करा. यंत्र थांबले नसते, तर काय झाले असते? दुकानदाराच्या वहीत एक आकडा खोटा पडला असता आणि तो कोणाच्याही ध्यानात आला नसता. चुकीचे उत्तर ठणकावून सांगणाऱ्या यंत्रापेक्षा, ‘माझी चूक होत आहे’ असे सांगून थांबणारे यंत्र अधिक विश्वासाचे. माणसांच्या बाबतीतही हे खरे नाही काय?

मग बिघाड सापडला, की तो दाबून टाकावा, का मुळापासून काढावा? याविषयी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९८० साली अ‍ॅपल कंपनीने अ‍ॅपल-थ्री नावाचा संगणक काढला. त्यात गरम हवा बाहेर फेकणारा पंखा नव्हता. वापरता वापरता चिपा खोबणीतून सैल होत आणि यंत्र वेड्यासारखे वागू लागे. यावर ग्राहकांना एक विलक्षण उपाय सांगण्यात आला. यंत्र काही इंच वर उचलावे आणि मेजावर सोडून द्यावे! त्या धक्क्याने चिपा पुन्हा आपल्या जागी बसत आणि यंत्र चालू लागे. परंतु चिपा सैल होण्याचे कारण तसेच राहिल्याने काही दिवसांनी पुन्हा तीच अवस्था होई. अखेर कंपनीला हजारो यंत्रे बदलून द्यावी लागली आणि यंत्राची रचनाही सुधारावी लागली. लक्षण नाहीसे होणे आणि कारण नाहीसे होणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

बिघाड शोधणाऱ्याने आणखी दोन नियम पाळावे लागतात. पहिला नियम असा, की एका वेळी एकच बदल करावा. समजा, एखाद्याने घाईघाईने तार बदलली, फ्लॉपी बदलली आणि खटकेही हलविले. यंत्र सुरू झाले आणि त्याला आनंद झाला. पण बिघाड कशात होता, हे त्याला कळले नाही. आठ दिवसांनी यंत्र पुन्हा अडले, तेव्हा तो होता तेथेच उभा राहिला.

दुसरा नियम नोंदीचा. काय दिसले, केव्हा दिसले, काय केले आणि त्याचा परिणाम काय झाला, हे लिहून ठेवावे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात ‘मार्क-टू’ नावाचा अजस्र संगणक तयार होत होता. ९ सप्टेंबर १९४७ रोजी तो अडला. शोध घेता घेता तेथील लोक सत्तर क्रमांकाच्या विद्युत् खटक्यापाशी पोहोचले. पाहतात तो काय, खटक्यात एक पतंग अडकून मरून पडला होता! त्यांनी तो पतंग नोंदवहीत चिकटविला आणि शेजारी हकिगत लिहिली. यंत्रातील दोषाला ‘बग’, म्हणजे किडा, म्हणण्याची पद्धत त्याही पूर्वीची होती. येथे मात्र खराच किडा सापडला, म्हणून त्यांना मौज वाटली. त्या मंडळींत ग्रेस हॉपर या विदुषी होत्या. त्यांनी हा प्रसंग पुढे पुष्कळांना रंगवून सांगितला. ती वही वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय संग्रहालयात जपून ठेवण्यात आली आहे. एका क्षुद्र पतंगाची हकिगत आपल्याला एवढ्या वर्षांनी वाचावयास मिळते, ती कोणी तरी ती लिहून ठेवली म्हणूनच.

मुलांनो, हे वाचून कोणतेही यंत्र उघडून बसू नका. त्या संगणकांच्या पडद्यात वीज बंद केल्यानंतरही धोकादायक विद्युत्‌भार राहत असे, आणि जाणती माणसेही त्याला हात लावताना जपत. यंत्राचे पोट उघडण्याआधी वीज तोडावी आणि जाणत्या मोठ्या माणसाला जवळ घ्यावे.

तो आयबीएमचा संगणक आता संग्रहालयात जाऊन बसला आहे. ती फ्लॉपी आणि ते खटकेही व्यवहारातून गेले. परंतु सोपे ते प्रथम पाहणे, एका वेळी एकच गोष्ट बदलणे, दिसले ते लिहून ठेवणे आणि मूळ कारण सापडेपर्यंत समाधान न मानणे, ही रीत जुनी झालेली नाही. सायकलची साखळी पडली, गणिताचे उत्तर जुळले नाही किंवा मित्राशी अबोला झाला, तरी तीच उपयोगी पडते. पुढे कधी काही अडले, तर कपाळाला हात लावून बसू नका आणि दुसऱ्याकडे बोटही दाखवू नका. शांतपणे स्वतःला विचारा, “का अडले?” आणि पहिलेच सुचलेले उत्तर खरे मानण्यापूर्वी ते पारखून पाहा.