वर्डमध्ये फोटोवर नाव टाकायला जावं, तर फोटो पळतो कुठे?

लग्नसराई सुरू झाली की जळगाव-धुळ्याकडच्या फॅमिली ग्रुपवर पत्रिकांची रांग लागते. त्यात एखादी अहिराणीतली असली, की ती मामाच्या ग्रुपवरून आत्याच्या ग्रुपवर आणि तिथून सुरत-पुण्यातल्या भाऊबंदांपर्यंत पोहोचते. छापील पत्रिका डीटीपीवाला करून देतो. पण हळदीचं निमंत्रण, साखरपुडा, बारसं, दशक्रियेचा निरोप हे सगळं घरातलंच कुणीतरी करतं. घरात लॅपटॉप असतो, त्यात वर्ड असतं आणि "तुला कॉम्प्युटर येतो ना?" म्हणत काम एखाद्या भाच्याच्या गळ्यात पडतं.

भाचा गणपतीचा फोटो टाकतो. त्यावर नवरा-नवरीचं नाव टाइप करायला जातो, तर फोटो टुणकन खाली. मग एंटर मारून, स्पेस देऊन, फोटो लहान-मोठा करून कसंबसं जमवलं जातं. फाइल झेरॉक्सच्या दुकानात उघडली की वराचं नाव दुसऱ्या पानावर आणि मुहूर्त गणपतीच्या सोंडेवर.

आता यात चूक भाच्याची नाही. वर्ड फोटोकडे कसं बघतं ते कुणी सांगितलेलंच नसतं.

विषय असा आहे की वर्डच्या लेखी फोटो म्हणजे एक अक्षर. मोठं, रंगीत, पण अक्षरच. तुम्ही फोटो टाकला की तो 'इन लाइन विथ टेक्स्ट' या पद्धतीने ओळीत जाऊन बसतो. 'क'च्या डोक्यावर जसा 'ख' टाइप करता येत नाही, तसं या फोटोच्या डोक्यावरही काही लिहिता येत नाही. मागे एंटर मारला की पुढची अक्षरं सरकतात, तसाच फोटोही सरकतो.

म्हणजे पहिलं काम एकच, फोटोला ओळीतून उचलायचं. फोटोवर क्लिक करा, वर 'पिक्चर फॉरमॅट' नावाचा टॅब येईल. त्यात 'रॅप टेक्स्ट' आणि त्याखाली 'बिहाइंड टेक्स्ट'. झालं. फोटो मजकुराच्या मागच्या थरात गेला, आता तुम्ही पानावर नेहमीसारखं टाइप करा, अक्षरं फोटोवर उमटतील. गुगल डॉक्समध्येही फोटोवर क्लिक केलं की 'बिहाइंड टेक्स्ट' मिळतं.

एक गंमत आधीच सांगून ठेवते. मागे गेलेला फोटो पुन्हा पकडायचा म्हटला तर क्लिक मजकुरावरच पडतं आणि माणूस वैतागतो. अशा वेळी 'होम' टॅबच्या उजव्या टोकाला 'सिलेक्ट' आणि त्यात 'सिलेक्शन पेन' आहे. तिथे पानावरच्या सगळ्या फोटो-चौकटींची यादी दिसते, तिथून पकडा.

मजकूर फोटोत नेमक्या जागीच हवा असेल, म्हणजे लळिंगच्या किल्ल्याचा फोटो आणि वरच्या मोकळ्या आभाळात दोन ओळी, तर 'इन्सर्ट'मधून 'टेक्स्ट बॉक्स' काढा. त्याला 'शेप फिल'मध्ये 'नो फिल' आणि 'शेप आउटलाइन'मध्ये 'नो आउटलाइन' दिलं की पांढरी चौकट गायब होते, फक्त अक्षरं उरतात. मग कंट्रोल दाबून फोटो आणि चौकट दोन्ही निवडा आणि 'ग्रुप' करा. आता हलवले तर दोघं सोबत हलतील. फोटो अजून ओळीतच असेल तर मात्र हे ग्रुप करणं जमतच नाही. बहुतेक लोक इथेच अडकतात आणि सॉफ्टवेअर खराब आहे असं समजतात.

मला स्वतःला तिसरा रस्ता जास्त आवडतो. 'शेप्स'मधून साधा चौकोन काढा, 'शेप फिल'मध्ये 'पिक्चर' निवडून फोटो त्या चौकोनातच भरा, आणि चौकोन निवडलेला असतानाच टाइप करायला लागा. फोटो आणि मजकूर एकाच वस्तूत. ग्रुप करायची भानगड नाही.

बरं, फोटो ओळीतून उचलला तरी तो पूर्ण मोकळा नसतो. वर्ड त्याला कुठल्या तरी परिच्छेदाला बांधून ठेवतं. फोटो निवडला की शेजारी जहाजाच्या नांगराचं छोटं चिन्ह दिसतं, ती ही गाठ. तो परिच्छेद तुम्ही पुसून टाकला तर फोटोही पुसला जातो. "काहीच केलं नाही, फोटो आपोआप गेला" यामागे बहुतेक वेळा हेच असतं. 'रॅप टेक्स्ट'मध्ये 'फिक्स पोझिशन ऑन पेज' निवडलं की एंटर मारल्यावर फोटोचं सरकणं थांबतं, पण गाठ राहतेच.

एवढं जमलं की खरा घोळ सुरू होतो, तो आपल्या मराठी अक्षरांचा.

दुकानात फाइल उघडल्यावर मजकुराच्या जागी इंग्रजी कचरा दिसतो, हे तुम्ही पाहिलं असेल. याचं कारण जुने फॉन्ट. कृतिदेव किंवा शिवाजीसारख्या फॉन्टमध्ये कॉम्प्युटरच्या पोटात मराठी साठवलेलंच नसतं. कृतिदेवमध्ये 'मराठी' लिहिलंत तर आत ई, जे, के, बी, एच ही इंग्रजी अक्षरं असतात, फॉन्ट त्यांना फक्त देवनागरीचा मुखवटा चढवतो. दुसऱ्या मशीनवर तो फॉन्ट नसला की मुखवटा गळून पडतो. युनिकोडमध्ये तसं नाही. त्यात 'म'ला स्वतःचा क्रमांक आहे. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली तेव्हापासून त्यात देवनागरी आहे. तुमचा आवडता युनिकोड फॉन्ट समोरच्याकडे नसला तरी फार तर वळण बदलेल, शब्द वाचता येईल. म्हणून फोनवर मराठी टाइप करताना वापरतो तेच युनिकोड वर्डमध्येही वापरा. डीटीपीवाले अजून जुने फॉन्ट का वापरतात, हा वेगळा विषय आहे आणि त्यांची कारणंही खरी आहेत. वर्षानुवर्षांच्या फाइली आणि हाताला बसलेला कीबोर्ड एका दिवसात सुटत नाही.

फॉन्ट निवडताना 'ल' आणि 'श' बघून घ्या. विंडोजमध्ये येणाऱ्या मंगलसारख्या फॉन्टमध्ये 'ल'ला हिंदीसारखा उभा दांडा असतो, मराठीत आपण पाकळीचा 'ल' काढतो. गुगल फॉन्ट्सवर 'टिरो देवनागरी मराठी' फुकट मिळतो, त्यात मराठी वळणाची अक्षरं आहेत. पत्रिकेवर 'शुभविवाह'चा 'श' आपल्या वळणाचा असला की आजोबांनाही बरं वाटतं.

आणखी एक. रफार, वेलांटी किंवा मात्रा वरून कापलेली दिसली तर फॉन्ट बदलत बसू नका. 'पॅराग्राफ'मध्ये 'लाइन स्पेसिंग' बघा, तिथे 'एक्झॅक्टली' असेल. इंग्रजीला पुरेल एवढीच उंची दिली की आपल्या शिरोरेषेच्या वरचं सगळं छाटलं जातं. 'सिंगल' किंवा 'मल्टिपल' करा. 'सूर्यवंशी'चा रफार कापलेली पत्रिका घरोघर गेली तर सूर्यवंशी कुटुंब काय म्हणेल, हे वेगळं सांगायला नको.

अहिराणी लिहिणाऱ्यांसाठी खास सूचना. वर्डचा मराठी तपासनीस अहिराणी ओळखत नाही, तो जवळपास प्रत्येक शब्दाखाली लाल नागमोडी रेघ ओढतो. तशाच अवस्थेत स्क्रीनशॉट काढला की त्या रेघाही पत्रिकेवर येतात. सगळा मजकूर निवडा, 'रिव्ह्यू' टॅबमधल्या 'लँग्वेज'मध्ये 'डू नॉट चेक स्पेलिंग'वर खूण करा. आपल्या बोलीत चुका शोधणं बंद होतं.

आता तुम्ही म्हणाल, एवढं कशाला, कॅन्व्हा आहे की. बरोबर आहे. एकच पोस्ट टाकायची असेल तर कॅन्व्हाच किंवा फोनमधलं कुठलंही अ‍ॅप वापरा, वर्डच्या नादी लागू नका. वर्ड कामाला येतं ते मजकूर जास्त असेल, सारखा बदलत असेल किंवा बऱ्याच लोकांच्या नावाने काढायचा असेल तेव्हा. झेडपीच्या शाळेत साठ मुलांना प्रमाणपत्र द्यायचंय असं समजा. प्रमाणपत्राची रंगीत चौकट 'हेडर'मध्ये टाका, म्हणजे पानाच्या वरच्या कडेवर डबल क्लिक करून, आणि तिला 'बिहाइंड टेक्स्ट' करून पानभर ताणा. हेडर बंद केलं की चौकट कुणाच्या हाताला लागत नाही, सरकत नाही. स्क्रीनवर ती फिकट दिसेल, घाबरू नका, छापताना पूर्ण रंगात येते. वर नेहमीसारखा मजकूर आणि नावांच्या जागी 'मेल मर्ज'. एक्सेलमधली साठ नावं साठ प्रमाणपत्रांवर जातात.

आणि इथे एक मोठा फरक लपलाय. आतापर्यंत आपण फोटोवर मजकूर ठेवत होतो, तो मजकूर मजकूरच होता. खोडता येत होता, शोधता येत होता. त्याचा स्क्रीनशॉट काढून जेपीजी केला की ती अक्षरं राहत नाहीत, ती अक्षरांच्या आकाराचे रंगीत ठिपके होतात.

चित्रावर लिहिणं आपल्या भागाला तसं नवीन नाही. जळगावपासून साधारण ६० किलोमीटरवर अजिंठा आहे. तिथल्या दुसऱ्या लेण्यात क्षांतिवादी जातकाच्या चित्रासोबत आर्यशूराच्या 'जातकमाले'तले श्लोक रंगाने लिहिलेले आहेत. आणि दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने १८१९ साली चित्रावर स्वतःचं नाव आणि तारीख कोरून ठेवली. ती अक्षरं आता चित्रापासून वेगळी काढता येत नाहीत. जेपीजीचं अगदी असंच होतं.

पत्रिकेला हे चालतं, पण केळीच्या भावाला चालत नाही. रावेर-यावल पट्ट्यात शेतकऱ्यांच्या ग्रुपवर भावाचे फोटो फिरतात. केळीच्या घडाचा फोटो, वर मोठ्या अक्षरात आकडा आणि कोपऱ्यात बारीक तारीख. कुणी फोटो कापून पुढे पाठवला की तारीख गेली आणि चार दिवसांपूर्वीचा भाव आजचा म्हणून फिरायला लागला. त्यावर विसंबून माल कापायचा ठरवणाऱ्याचं नुकसान खरं असतं. मजकूर फोटोत बंद झालेला असल्याने ग्रुपमध्ये तारखेने शोधूनही तो सापडत नाही. म्हणून असा फोटो बनवत असाल तर तारीख आकड्याला चिकटूनच टाका, त्याच ओळीत, तितक्याच मोठ्या अक्षरात. फोटो पाठवताना कॅप्शनमध्ये तोच भाव आणि तीच तारीख पुन्हा टाइप करा.

कॅप्शनचा आणखी एक उपयोग आहे. ज्यांना दिसत नाही ते फोनवर टॉकबॅकसारखा स्क्रीन रीडर वापरतात, तो मजकूर वाचून दाखवतो. फोटोतल्या अक्षरांच्या बाबतीत त्याचा भरवसा नाही, कॅप्शन मात्र वाचतो. वर्डच्या फाइलमध्येही तरंगत्या टेक्स्ट बॉक्सचा मजकूर स्क्रीन रीडरकडून सुटू शकतो किंवा भलत्याच क्रमाने वाचला जाऊ शकतो. अशा वेळी फोटोवर राइट क्लिक करून 'ऑल्ट टेक्स्ट'मध्ये तोच मजकूर लिहून ठेवा, मिनिटभराचं काम आहे.

राहिला प्रश्न पाठवायचा. दुकानात छापायला देताना वर्डची फाइल नको, 'सेव्ह अ‍ॅज'मधून पीडीएफ करा. त्यात फॉन्ट सोबत जातो आणि फोटो जिथे ठेवलात तिथेच राहतो. वर्डचीच फाइल मागितली तर 'ऑप्शन्स'मधल्या 'सेव्ह'मध्ये 'एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल'वर आधी खूण करा. पीडीएफमधून मराठी कॉपी केलं तर कधीकधी ऱ्हस्व वेलांटी इकडची तिकडे होते, त्यामुळे मूळ वर्ड फाइल पुसू नका. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रिकेचा फोटो टाकताना गॅलरीतून नको, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. गॅलरीतून पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून लहान करतं, आणि सगळ्यात आधी जी बारीक अक्षरं फुटतात ती असतात विवाहस्थळाच्या पत्त्याची.