ट्रॅकवर कस लागतो तो ब्रेकचा

पोर्शे ९११ जीटी३चा विषय निघाला की बोलणे इंजिनापासून सुरू होते, आणि ते साहजिक आहे. टर्बोचा आधार न घेणारे चार लिटरचे इंजिन, मिनिटाला ९,००० फेऱ्यांपर्यंत चढणारे, ५१० अश्वशक्तीचे. लार्स केर्न यांनी याच गाडीने जर्मनीतल्या न्यूरबुर्गरिंगच्या २०.८ किलोमीटर लांबीच्या नॉर्डश्लाइफवर सात मिनिटांच्या किंचित आत फेरी मारली. असली गाडी घेऊन एखादा हौशी मालक ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर ट्रॅक डेला उतरतो, तेव्हा मात्र कस इंजिनाचा लागत नाही. सरळ पट्ट्यावर ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबायला धाडस लागत असेल, कौशल्य फारसे लागत नाही. कौशल्याला सुरुवात होते ती पाय उचलून ब्रेकवर नेण्याच्या क्षणी. ट्रॅक डे ही वेगाची जत्रा असते असा समज आहे. प्रत्यक्षात ती वेग कमी करायला शिकण्याची जागा आहे.

यासाठी थोडे गणित मांडू. २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे फॉर्म्युला वन ज्या बुद्ध सर्किटवर झाली, त्याची फेरी ५.१२५ किलोमीटरची आहे. त्यातला सर्वांत लांब पट्टा एक किलोमीटरहून थोडा मोठा, आणि त्याच्या शेवटी उजवीकडे घट्ट वळण. समजा, चालकासह दीड टन वजनाची गाडी ताशी २०० किलोमीटर वेगाने अशा वळणापाशी आली आणि तिला ८० वर आणायचे आहे. चांगले टायर आणि कोरडा रस्ता असेल तर सुमारे १३० मीटर अंतर आणि साडेतीन सेकंद पुरतात. तेवढ्या वेळात जी गतिज ऊर्जा उष्णतेत बदलते, तिच्यावर सहा लिटर पाणी उकळेल. शक्तीच्या भाषेत ही सरासरी साडेसातशे अश्वशक्तीच्या पुढे जाते. हवेचा रोध त्यात थोडा हातभार लावतो, पण तो वजा केला तरी आकडा सातशेच्या खाली येत नाही. म्हणजे ज्या इंजिनासाठी कोट्यवधी रुपये मोजले, त्याहून कितीतरी बलवान यंत्र चाकांच्या आत बसलेले असते, आणि जाहिरातीत त्याला फार तर अर्धी ओळ मिळते. शिवाय ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. त्याच ठिकाणी २०० ऐवजी २२० ने येणाऱ्याला ८० वर यायला दहा टक्के नव्हे, सुमारे पंचवीस टक्के जास्त अंतर लागते. हे तेहेतीस मीटर चालकाने आधीच राखून ठेवलेले नसतील तर ती गाडी वाळूत जाते.

एवढी उष्णता एकदाच निर्माण झाली तर प्रश्न नसतो. प्रत्येक फेरीत पाच-सहा वेळा, अशी पंधरा-वीस मिनिटे ती निर्माण होत राहिली, की घाटात बिनतक्रार चालणारे ब्रेकही हात टेकतात. पॅड त्यांच्या मर्यादेपलीकडे तापले की त्यांचे घर्षण घटते. पेडल कडक लागते, पण गाडी थांबत नाही. दुसरा प्रकार जास्त धोक्याचा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट ४ दर्जाचे ताजे तेल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. पाणी मुरलेल्या तेलासाठी तोच आकडा १५५ वर येतो. तेल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि पेडल सरळ तळाला जाते. म्हणून अनुभवी मंडळी ट्रॅक डेच्या तयारीत टायरइतकेच लक्ष ब्रेक ऑइलकडे देतात, शेवटची फेरी ब्रेक जवळजवळ न वापरता सावकाश मारतात आणि गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढत नाहीत.

यंत्राचे एवढे झाल्यावर उरते ते माणसाचे काम, आणि ते हिशेबाचे आहे. टायरकडे पकड ठरावीक असते. ती थांबण्यासाठी वापरा, वळण्यासाठी वापरा किंवा दोहोंत वाटून घ्या, बेरीज वाढत नाही. नवखा चालक उशिरा ब्रेक लावतो, पेडल दाबलेले असतानाच स्टिअरिंग फिरवतो, आणि पुढची चाके वळायला नकार देतात. जाणकार चालक सरळ रेषेत जोरात ब्रेक लावतो आणि स्टिअरिंग जसजसे फिरवत जातो तसतसा पाय सोडत जातो. त्यामुळे पुढच्या चाकांवर आलेला भार टिकतो आणि नाक वळणाच्या आतल्या बिंदूकडे झुकते. वळणात मधेच घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय झटकन उचलला तर भार पुढे सरकतो, मागची चाके हलकी होतात आणि गाडी गिरकी घेऊ पाहते. इंजिन मागच्या आसाच्याही मागे असलेल्या ९११ बाबत हा धोका पूर्वी कुप्रसिद्ध होता. रुंद टायर आणि सुधारलेले सस्पेन्शन यांनी तो बराच आटोक्यात आणला आहे, नाहीसा केलेला नाही.

यावर पहिला आक्षेप असा की हे सगळे आता संगणक करतो. बॉशची एबीएस यंत्रणा १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आली, त्यानंतर घसरण रोखणाऱ्या प्रणाली आल्या. मग चालकाच्या पायाचे एवढे कौतुक कशाला? पण एबीएस चाक जाम होऊ देत नाही, एवढेच त्याचे काम. ब्रेक कुठे लावायला सुरुवात करायची हे ते ठरवत नाही आणि रस्त्यावर नसलेली पकड ते निर्माण करत नाही. वर मोजलेले तेहेतीस मीटर कोणतेही सॉफ्टवेअर परत देऊ शकत नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. ट्रॅकवर सराव केलेला माणूस सार्वजनिक रस्त्यावर अधिक बेफिकीर होणार नाही कशावरून? नॉर्वेचा अनुभव या शंकेला पुष्टी देतो. तिथे निसरड्या रस्त्यावर गाडी सावरण्याचे प्रशिक्षण दिल्यानंतर तरुण पुरुषांचे अपघात घटण्याऐवजी वाढल्याचे संशोधकांना आढळले. गाडी सावरता येते या भरवशावर ते मुळात जास्त वेगाने जाऊ लागले. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यातून निघालेला धडाही पाहावा. उत्तर युरोपातल्या प्रशिक्षणाचा रोख पुढे सावरण्याच्या कसबावरून स्वतःची मर्यादा ओळखण्याकडे वळला. ट्रॅक डेलाही हाच निकष लावायला हवा. घड्याळ लावून एकमेकांना मागे टाकण्याचा मेळावा रस्त्यावर धोकाच पाठवतो. ज्यात सुरुवातीला सूचनासत्र होते, पहिल्या फेऱ्या संथ असतात, पिवळ्या आणि लाल झेंड्यांचा अर्थ पक्का करून घेतला जातो, पुढच्याने खूण केल्याशिवाय ओलांडता येत नाही आणि प्रशिक्षक शेजारी बसून ‘आता, आता’ म्हणत ब्रेकची जागा दाखवतो, त्याची गोष्ट वेगळी. नॉर्डश्लाइफवर सर्वसामान्यांसाठी खुल्या असलेल्या फेऱ्यांनाही जर्मनीचे वाहतुकीचे नियम लागू असतात आणि वेळ मोजायला मनाई असते. आपल्याकडच्या नेहमीच्या मोटार विमा पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते, हेही घरून निघण्यापूर्वी वाचलेले बरे.

आणि वेगासाठी रस्त्यापासून वेगळी जागा असावी ही कल्पना आजच्या श्रीमंतांची नाही. इंग्लंडमध्ये रस्त्यावर ताशी २० मैलांची मर्यादा असताना ह्यू लॉक किंग यांनी १९०७ मध्ये सरे परगण्यात ब्रुकलँड्सचा ट्रॅक उभारला. खास मोटारींसाठी बांधलेल्या जगातल्या पहिल्या ट्रॅकपैकी हा एक.

राहता राहिला पैशाचा मुद्दा, आणि तिथे बचाव करण्यासारखे फार नाही. जीटी३ची किंमत आपल्याकडे दोन कोटींच्या वर, टायर एका-दोन दिवसांत झिजतात, पेट्रोल धो धो जळते. उलट मी म्हणेन, शिकण्यासाठी ही गाडी वाईट आहे. तिची पकड एवढी आहे की चुका झाकल्या जातात, आणि उघड होतात तेव्हा वेग फार असतो. साध्या हॅचबॅकवर तीच चूक निम्म्या वेगात, टायरच्या किंकाळीसह लगेच कळते. त्या पायरीवरून वर आलेल्या मालकाची खरेदीही वेगळी असते. जीटी३सोबत लोखंडी डिस्क मिळतात, पुढच्या ४०८ मिलिमीटर व्यासाच्या. जादा रक्कम भरली तर हलक्या सिरॅमिक डिस्क बसवून मिळतात. दर महिन्याला ट्रॅकवर जाणाऱ्यांपैकी बरेच जण लोखंडीच घेतात, कारण त्या झिजणारच हे त्यांनी धरलेले असते आणि बदलताना त्या कितीतरी स्वस्त पडतात.