फायलींचं बारसं: आठ अक्षरांपासून आजपर्यंत

नव्वदच्या दशकात पुण्यातल्या अक्षरजुळणीच्या दुकानांत संगणक आले, तेव्हा फायलीला नाव द्यायचं ते रोमन लिपीत आणि तेही आठ अक्षरांत. टिंबानंतरची तीन अक्षरं प्रोग्रामसाठी राखीव. ही चौकट त्या संगणकांवरच्या डॉस या कार्यप्रणालीने १९८१ साली उचलली ती आधीच्या सीपी-एम प्रणालीकडून. मराठी मासिकाच्या कामाला ती भलतीच तोकडी. मग दोन अक्षरं मासिकाची, दोन आकडे वर्षाचे, दोन फॉर्मचे, दोन प्रूफचे, अशी वाटणी करायची. फ्लॉप्यांच्या डब्याशेजारी एक वही असायची. कोणत्या नावाखाली कोणता मजकूर, हे तिच्यात लिहिलेलं. आज मागे वळून पाहताना वाटतं, त्या आठ अक्षरांत जी शिस्त होती ती पुढे मोकळीक मिळाल्यावर राहिली नाही.

मोकळीक आली ऑगस्ट १९९५ मध्ये, विंडोज ९५ बरोबर. नाव अडीचशे अक्षरांपर्यंत लांबवा, मधे जागा सोडा, काहीही करा. आत मात्र यंत्र जुन्या प्रोग्रामसाठी गुपचूप आठ अक्षरी नाव बनवतच होतं. सहा अक्षरं, एक नागमोडी चिन्ह आणि एकचा आकडा. माणसांनी या सवलतीचा व्हायचा तोच उपयोग केला. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल नवीन करेक्शनसह’. वही मागे पडली, कारण नावातच सगळं लिहिता येतं असा समज झाला.

एका दमात ढीगभर फायलींचा प्रकार बदलायचा, अशा घाऊक रूपांतराशी या धंद्याची खरी गाठ पडली ती पीडीएफमुळे. अडोबीने हा प्रकार १९९३ साली आणला. डिस्टिलर नावाच्या त्यांच्या प्रोग्रामला एका फोल्डरवर लक्ष ठेवायला सांगता येई. पानं लावायच्या पेजमेकर या प्रोग्राममधून छपाईसाठीच्या पोस्टस्क्रिप्ट फायली काढून ‘इन’मध्ये टाकायच्या, थोड्या वेळाने ‘आउट’मध्ये पीडीएफ तयार. रात्री लावून घरी जावं, सकाळी येऊन पाहावं. नावाचा नियम एकच: नाव तेच, शेपूट नवं. तो नियम अजून चालू आहे. लिबरऑफिसला आज एका ओळीच्या आज्ञेने फोल्डरभर वर्ड फायलींचे पीडीएफ करायला सांगा, ते हेच करतं. आणि नेमकी तिथेच मेख आहे. फोल्डरमध्ये ‘लेख’ नावाची एक जुन्या डॉक प्रकारातली फाइल असेल आणि दुसरी २००७ नंतरच्या डॉकएक्स प्रकारातली, तर दोन्हींचा पीडीएफ एकाच नावाचा होतो आणि नंतरचा आधीच्यावर बसतो. पडद्यावर ‘ओव्हररायटिंग’ अशी एक ओळ सरकून जाते. शेकडो फायलींच्या धबधब्यात ती कोण वाचतो?

पेजमेकर बनवणारी आल्डस कंपनी १९९४ साली अडोबीकडे गेली आणि २००१ सालच्या सातव्या आवृत्तीनंतर पेजमेकर संपला. मराठी प्रकाशनाचं बरंचसं काम त्याच्यात अडकलेलं. हजारो पानं नव्या साच्यात आणायची तर नावंही नव्याने द्यावी लागणार, आणि मग सुचणारी पहिली युक्ती म्हणजे मजकुराची पहिली ओळ उचलून तिचंच नाव करायचं. इंग्रजीत ती चालते. श्रीलिपी किंवा आकृतीच्या जुन्या फॉन्टमध्ये मात्र पडद्यावर मराठी दिसत असलं तरी आत असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. ती ओळ नावात घातली की हाती येतो निव्वळ चिन्हांचा कचरा. त्यातच प्रश्नचिन्ह, तारा किंवा उभी रेघ आली की विंडोज ते नाव घ्यायलाच नकार देतं आणि रांग मधेच थांबते. म्हणून क्रम उलटा हवा. आधी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षर आतही मराठीच राहतं अशा संकेतात आणायचा, मग त्यातून शीर्षक काढायचं. सांगायला दोन वाक्यं, पण हा क्रम चुकवून फुकट गेलेल्या रात्री या धंद्यात पुष्कळ निघतील.

विंडोज २००० पासून देवनागरी यंत्रातच आली आणि फायलींना मराठी नावं देणं शक्य झालं. इथून पुढचा भाग मला सगळ्यात रंजक वाटतो, कारण स्वयंचलित नामकरणाच्या बहुतेक युक्त्या मराठी डोळ्यांसमोर न ठेवता रचलेल्या आहेत. नाव ‘स्वच्छ’ करणाऱ्या छोट्या स्क्रिप्ट घ्या. पायथॉनमध्ये लिहिलेली अशी स्क्रिप्ट साधारणपणे अक्षर, आकडा आणि मोकळी जागा सोडून बाकी सगळं काढून टाकते. पायथॉनच्या नेहमीच्या नियमात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त ही ‘अक्षरं’ नव्हेत. परिणामी ‘दिवाळी अंक’चं होतं ‘दवळ अक’ आणि ‘पुस्तक’चं ‘पसतक’. स्क्रिप्ट कुठेही अडत नाही, चूक दाखवत नाही. सगळी नावं मात्र बोडकी होऊन बाहेर पडतात. गंमत म्हणजे तोच पायथॉन मराठी आकड्यांच्या बाबतीत उदार आहे. ‘१२’ हा देवनागरीत लिहिलेला आकडा तो बाराच समजतो.

दुसरी अडचण याहून चोरटी, आणि ती खास मराठीच्या ‘ऱ’ची. ‘दुसऱ्या’ हा शब्द ‘ऱ’ वापरून लिहिता येतो, तसाच साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरूनही. डोळ्याला फरक दिसत नाही, यंत्राला ती दोन वेगळी नावं. त्यात मॅकच्या १९९८ पासूनच्या फाइल व्यवस्थेने आणखी भर घातली. ती नावातल्या ‘ऱ’ची फोड करून ‘र’ आणि खाली नुक्ता असं साठवायची. मॅकवर सजवलेला अंक विंडोजवर आला की यादीतलं नाव आणि डिस्कवरचं नाव जुळेना. प्रोग्राम म्हणे फाइल सापडत नाही, आणि फाइल तर समोर दिसतेय. २०१७ साली आलेल्या नव्या व्यवस्थेत नाव दिलं तसं राहतं, पण जुन्या डिस्कांवरच्या फोडलेल्या नावांचं काय? नाव देण्याआधी सगळे ‘ऱ’ एका रूपात आणणं एवढाच इलाज.

लांबीचंही तसंच. लिनक्सवर नावाची मर्यादा २५५ बाइटची आहे. रोमन अक्षराला एक बाइट, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. म्हणजे मराठीला पंचाऐंशी चिन्हं, आणि काना-मात्राही त्यात मोजल्या जातात. लेखाचं पूर्ण शीर्षक, लेखकाचं नाव आणि वर्ष घातलं की ती संपलीच.

क्रमांकांची कथा जुनी आहे. ‘१’नंतर ‘१०’ आणि मग ‘२’ हा विंडोज एक्सप्लोररमधला घोळ २००१ साली एक्सपीने मिटवला, पण तो फक्त माणसाला दिसणाऱ्या खिडकीत. आज्ञा देऊन पानं जोडली की बहुतेक प्रोग्राम जुनाच क्रम धरतात आणि दहावं पान पहिल्याच्या पाठीवर येतं. पुढे शून्यं लावावीत. ‘००१’ लिहायला आळस करू नये.

गेल्या काही वर्षांत भाषेची मोठी प्रारूपं पान वाचून नाव सुचवू लागली आहेत. मराठी स्कॅनवरही त्यांचं काम पुष्कळदा चोख असतं. पण तीच फाइल दोनदा दिली तर दोन वेगळी नावं मिळू शकतात, आणि ज्या नावावर पुढची सगळी शोधाशोध अवलंबून आहे ते असं लहरी असून चालत नाही. माझं मत स्पष्ट आहे: वर्णन यंत्राला सुचवू द्यावं, वर्ष, महिना आणि क्रमांक मात्र नियमानेच यावेत.

तेव्हा जुन्या अंकांचं किंवा दफ्तराचं घाऊक रूपांतर करायला बसणार असाल तर एवढं करा. एकही फाइल हलवण्याआधी जुनं नाव आणि नवं नाव अशा दोन रकान्यांची यादी काढा, तिच्यात एकच नवं नाव दोनदा आलंय का ते तपासा, रूपांतर वेगळ्या रिकाम्या फोल्डरमध्ये करा, आणि ती यादी तयार पीडीएफांबरोबरच जपून ठेवा.