वाकलेल्या पाठीचा विसावा

भंडारा जिल्ह्यात, पवनी-लाखांदूरकडील बांध्यांत दिवसभर ओणवे राहून धानाची रोवणी करणाऱ्या स्त्रियांच्या पाठीतून, रात्री जमिनीवर उताणे पडताच, जी कळ उठते, तिचे एक कारण असे की, पाय सरळ ताणले असता जांघेतील स्नायू कमरेच्या मणक्यांना पुढे ओढतात. गुडघे किंचित उचलले की हा ताण सैलावतो. अमेरिकन शल्यविशारद जॉर्ज फाउलर यांच्या नावाने रुग्णालयांत रूढ झालेली, डोक्याकडचा व गुडघ्यांकडचा भाग स्वतंत्रपणे वर घेता येणारी खाट हेच साधते. मात्र दुखण्याचे मूळ ती नाहीसे करीत नाही, आणि शेतमजुराच्या ऐपतीत ती बसत नाही. म्हणून गुडघ्यांखाली गोधडीच्या घडीची तजवीज मला अधिक मोलाची वाटते. पायांत बधिरता आल्यास मात्र जिल्हा रुग्णालय गाठण्यात दिरंगाई नको.